समोर बसून ऐकलेले गाणे

गाणे ऐकायला आज साधनांची वाण राहिलेली नाही. खिशातल्या मोबाईलवर बोट ठेवले की जुन्या खाँसाहेबांपासून आजच्या तरुण गायिकेपर्यंत हवे ते गाणे हव्या त्या घटकेला ऐकू येते. मग एस.टी.चे तिकीट काढून, घरची कामे बाजूला सारून, सतरंजीवर चार-चार तास मांडी घालून मैफल ऐकायची ती कशासाठी? एका शिक्षक स्नेह्यांनी मला हा प्रश्न अगदी सरळपणे विचारला. गेली चाळीस वर्षे मी मैफलींना जात आलो आहे, तेव्हा उत्तर देणे मला भागच होते. ते असे, की घरी आपण तयार झालेले गाणे ऐकतो. मैफलीत ते आपल्यासमक्ष तयार होत असते, आणि ते तयार होण्यात ऐकणाऱ्याचाही हात लागतो. ही गोष्ट कशी घडते, ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

आधी एक ध्यानात घ्या. सामान्य माणसाला मैफलीत मानाने बसायला मिळाले, त्याला फार काळ लोटलेला नाही. पूर्वी मोठे गवई संस्थानिकांच्या पदरी असत आणि गाणे दरबारात किंवा सरदारांच्या वाड्यात होई. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादिया खाँसाहेब होते, हे तुम्ही ऐकले असेल. कुरुंदवाडसारख्या लहान गावी १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे शिकणे व ऐकणे ही चारचौघांची गोष्ट व्हावी म्हणून जन्मभर खटपट केली. पुढे रेडिओ आला. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. ज्या गावात सगळ्यांत मिळून एकच रेडिओ होता, तिथेही लोकांना यमन आणि भूप कानांवरून ओळखू येऊ लागले. रेडिओने कान तयार केला, हे त्याचे मोठेच उपकार. पण तयार झालेल्या कानाला समोरच्या गाण्याची भूक लागते.

समोर बसले की पहिला फरक कळतो तो तंबोऱ्यात. मिरजेचे तंबोरे देशभर जातात. वाळवलेल्या भोपळ्याचा आणि लाकडाचा हा देह, त्यावर चार तारा. मधल्या दोन जोडाच्या तारा षड्जात, शेवटची खर्जात, आणि पहिली पंचमात. मालकंसासारख्या रागात पंचम नसतो, तेव्हा ती मध्यमात लावतात. घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीकसा धागा सरकवलेला असतो. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, ती गुंजारव करते. याला जवारी म्हणतात. मोबाईलच्या इवल्याशा तोंडातून हा नाद पातळ होऊन येतो. दहा हातांवर बसलात की तो अंगाला जाणवतो. मिरजेलाच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर वर्षी गाणे होते. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच आहे. कलावंत तिथे सेवा म्हणून हजेरी लावतात आणि दर्शनाला आलेली बायामाणसे, पोरेबाळे जमिनीवर बसून ऐकतात. तंबोरे लागत असतानाच तिथली कुजबूज कशी थांबत जाते, ते मी पाहिले आहे. गप्प बसा असे कोणी सांगत नाही. तो नादच सांगतो.

दुसरी गोष्ट तालाची. ‘आम्हांला शास्त्रीय गाण्यातलं काय कळतंय!’ असे खेड्यातला माणूस म्हणतो, तेव्हा मी त्याला विचारतो, ‘तुमच्या भजनात टाळ चुकला तर कळतं ना?’ तो म्हणतो, ‘वा! न कळायला काय झालं?’ तर मग झाले! भजनी ठेका आठ मात्रांचा, त्रिताल सोळा मात्रांचा, एकताल बारा मात्रांचा. पहिली मात्रा ती सम. ख्याल गाणारा सुरांतून कितीही लांब गेला तरी त्याला फिरून समेवर यायचेच असते. सावकाश गतीच्या ख्यालात, ज्याला विलंबित म्हणतात, बारा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हायला पाऊण मिनिट, कधी मिनिटभरही लागते. एवढ्या वेळात गवई आलाप करतो, एखादा स्वर नुसता दाखवून मागे वळतो, आणि शेवटच्या दोन-तीन मात्रांत गाण्याचा मुखडा उचलून नेमका समेवर येतो. तो येतो तेव्हा सगळ्या बैठकीच्या माना एकदम हलतात. भजनात बसलेल्या माणसाला ही मान हलवायला कोणी शिकवावे लागत नाही.

आता ऐकणाऱ्याचा हात कसा लागतो ते सांगतो. एका तालुक्याच्या गावी गणपतीत एका गायिकेचे गाणे होते. यमनाचा बडा ख्याल रंगात आला आणि वीज गेली. ध्वनिक्षेपक मुका झाला. मंडळाचे कार्यकर्ते इकडेतिकडे धावू लागले. बाई मात्र थांबल्या नाहीत. तबलजीला त्यांनी हातानेच हळू वाजवण्याची खूण केली आणि गाणे चालू ठेवले. मागच्या खुर्च्यांवरची माणसे आपण होऊन पुढे आली आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसली. कोणीतरी कंदील आणून ठेवला. आता त्यांचा श्वासही ऐकू येत होता. पुढच्या रांगेत एक म्हातारे भजनी गृहस्थ होते. दर समेला ते अगदी हलकेच ‘हं’ म्हणत. बाईंच्या ते लक्षात आले. पुढच्या आवर्तनात त्यांनी मुद्दाम मुखड्याला उशीर केला. आता सम चुकणार असे वाटत असतानाच वळसा घेऊन त्या बरोबर समेवर आल्या आणि त्या आजोबांकडे पाहून हसल्या. आजोबांनी दोन्ही हात जोडले. ती जागा आधी ठरलेली नव्हती. समोर ते ‘हं’ म्हणणारे कोणी नसते, तर ती आलीच नसती. गाणाऱ्याला कळते की समोर आपले बोलणे समजणारा माणूस बसला आहे, आणि मग तो मनात राखून ठेवलेलेही काढून देतो.

यावर कोणी म्हणेल, मग ध्वनिमुद्रिका टाकाऊ की काय? तसे मुळीच नाही. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हापासून या तबकड्यांनी केवढे तरी धन राखून ठेवले. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो तबकड्यांमुळेच. पण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण साडेतीन मिनिटेच मावत. तासभर उलगडायचा राग साडेतीन मिनिटांत आवरायचा, म्हणजे त्याचे सारच द्यायचे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. सूर्यमालेपलीकडे निघालेले ते गाणेही साडेतीन मिनिटांचेच आहे. ते थोरच आहे. पण मैफलीत राग टप्प्याटप्प्याने कसा वाढतो, कुठे रेंगाळतो आणि कुठे वेग घेतो, ते कळायला तितका वेळ द्यावा लागतो, आणि तो समोर बसूनच दिला जातो. घरी मध्येच दार वाजते, दूध उतू जाते, नाहीतर आपलेच बोट पुढच्या गाण्यावर जाते.

तिसरी गोष्ट वेळेची. भैरव, तोडी सकाळचे; सारंग दुपारचा; मारवा, पूरिया सांजवेळेचे; मालकंस, दरबारी उत्तररात्रीकडचे. आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी पुण्यात १९५३ साली महोत्सव सुरू केला. पुष्कळ वर्षे तो रात्रभर चाले आणि पहाटेच्या गारठ्यात भीमसेनजींच्या गाण्याने संपे. शाल पांघरून बसलेल्या माणसांना रात्र सरताना राग बदलत गेलेले ऐकू येत. पुढे २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर बंधन आले. शेजारच्या आजाऱ्याची झोप मोडू नये, हे योग्यच आहे. पण त्यामुळे उत्तररात्रीचे राग मोठ्या मंडपातून कमी ऐकू येऊ लागले, हेही खरे. लहान खोलीतल्या बैठकीला ही अडचण येत नाही, कारण तिला ध्वनिक्षेपक लागतच नाही.

आणि म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे एक सांगणे आहे. आज तुमच्या वर्गात असे मूल आहे, की ज्याने हजार गाणी ऐकली असतील, पण लागलेला तंबोरा एकदाही समोरून ऐकलेला नाही. त्याला शहरात नेणे जमत नसेल, तर बैठक शाळेत भरवा. एक वर्गखोली, सतरंज्या आणि चाळीस-पन्नास माणसे एवढे पुरे. तालुक्याच्या गावी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेले एखादे गायनशिक्षक किंवा गायनशिक्षिका असतात. तबल्याची आणि पेटीची साथ त्याच सुचवतील. मात्र त्यांना फुकट बोलावू नका. नारळ आणि शाल द्या, पण आधी पाकिटात मानधन घाला. वर्गणी काढली तर घरटी फार पडत नाही, आणि गाणाऱ्याच्या घरीही चूल असते.

कार्यक्रम कसा असावा? आधी दहा मिनिटे पाहुण्यांनी मुलांना सम दाखवावी आणि टाळ्यांवर त्रिताल मोजून घ्यावा. मग एकच राग पाऊण तास. त्यानंतर एखादे नाट्यपद, एखादा अभंग, आणि शेवटी भैरवी. गावच्या भजनी मंडळालाही अर्धा तास द्या, म्हणजे पाहुण्यांनाही काही ऐकल्याचे समाधान होईल. मुलांना अगदी पुढे बसवा. ऐकणाऱ्यांना चारच गोष्टी सांगा. तंबोरे लागण्याआधी येऊन बसावे. मोबाईल बंद ठेवावा, चित्रण करू नये. उठायचेच असेल तर एक चीज संपल्यावर उठावे. आणि दाद आतून आली तरच द्यावी, दुसऱ्याने दिली म्हणून नव्हे. रागाचे नाव ओळखता आले नाही तरी काही बिघडत नाही, बरं का! स्वर ओळखीचा वाटू लागला, सम येण्याआधी मान आपोआप वळू लागली, म्हणजे ऐकणे सुरू झाले.

अशी बैठक पावसाळा सरल्यावर भरवावी. कोजागिरीची रात्र त्याला फार चांगली. शेतातली कामे थोडी आवरलेली असतात, चांदणे असते, आणि गावातली माणसे जागरणाला तयारच असतात. शाळेच्या अंगणात चुलीवर दूध ठेवा आणि आत तंबोरे लावायला सांगा. दूध आटेपर्यंत एक राग सहज गाऊन होतो.