सृष्टिकर्ता ईश्वराची संकल्पना आणि बालकांची सचित्र पुस्तके : एक विवेचन

प्रस्तावना :
चंद्र, पाऊस किंवा मुंगी पाहिल्यावर ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न बालक सहजपणे विचारते. श्रद्धाळू कुटुंबात त्यास ‘देवाने’ असे उत्तर मिळते. परंतु जे दिसते व हाताळता येते त्याच्याच आधारे विचार करणाऱ्या वयात अदृश्य ईश्वराची संकल्पना कशी पोहोचवावी, हा शिक्षणशास्त्रातील जुना प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात सचित्र पुस्तकांच्या संदर्भात त्याचा विचार करण्यात आला आहे.

कोमेनियसचा प्रयोग :
मोराव्हियात जन्मलेले, तीस वर्षांच्या युद्धामुळे मायभूमीस मुकलेले ख्रिस्ती धर्मगुरू व शिक्षणतज्ज्ञ जॉन आमोस कोमेनियस (१५९२-१६७०) यांचा ‘ऑर्बिस सेन्शुअलियम पिक्टस’ हा ग्रंथ १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन भाषांत प्रसिद्ध झाला. बालकांसाठीच्या सचित्र पाठ्यपुस्तकांचा तो आद्य नमुना मानला जातो. आरंभी कावळा, मेंढी इत्यादी प्राण्यांच्या आवाजांवरून अक्षरओळख करून दिलेली आहे. मुलाने आवाज काढावा, चित्र पाहावे, वाटल्यास स्वतः चित्र काढावे, अशी त्यामागील दृष्टी होती. खेळ हे येथे शिक्षणाचे साधनच आहे.

ग्रंथाचा अनुक्रमही अर्थपूर्ण आहे. पहिला पाठ ईश्वराचा. त्यानंतर जग, आकाश, अग्नी, वायू, जल, पृथ्वी, वनस्पती व प्राणी. पुढे मनुष्य आणि त्यानंतर मनुष्याचे उद्योग येतात. गहू शेतात उगवतो, भाकरी मात्र माणूस भाजतो, हा भेद बालकास चित्रांच्या क्रमातूनच उमगू शकतो.

मानसशास्त्रीय आधार :
या भेदाचे महत्त्व जीन पियाजे यांच्या १९२६ मधील ग्रंथावरून स्पष्ट होते. निसर्गातील वस्तू कोणीतरी हाताने घडविल्या आहेत, असे लहान मुलांना वाटते. सरोवर माणसांनीच खणले, अशी उत्तरे त्यांना मिळाली होती. डेबोरा केलेमन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, दगड टोकदार असतात ते प्राण्यांना अंग खाजविता यावे म्हणून, अशा प्रकारचे स्पष्टीकरण मुलांनी पसंत केल्याचे आढळले. अर्थात, ‘कोणीतरी घडविले’ ही कल्पना बालमनात बहुधा आधीच असते. पुस्तकाचे खरे कार्य त्या कल्पनेस वळण देण्याचे आहे.

मर्यादा व दक्षता :
ईश्वर हा दाढीधारी कारागीर म्हणून रंगविल्यास मुलाच्या मनात तो कुंभार वा सुतार यांच्याच पंक्तीत बसतो आणि वरील भेद पुसला जातो. त्यापेक्षा बीज, अंडे, आकाश यांची चित्रे दाखवून ‘यांतले माणसाने काय केले? माणसाला काय करता येणार नाही?’ असा ओळखण्याचा खेळ मांडणे अधिक परिणामकारक ठरते.

दुसरी दक्षता अधिक गंभीर आहे. ‘देवाने केले’ या उत्तराने ‘कसे झाले?’ हा प्रश्न संपला, असे पुस्तकातून सूचित होऊ नये. अन्यथा शाळेत विज्ञान शिकताना मुलास श्रद्धा व ज्ञान यांपैकी एकाचा त्याग करावा लागेल असे वाटू लागते. ‘कोणी’ व ‘कसे’ हे प्रश्न प्रथमपासूनच वेगळे ठेवले तर हा संघर्ष टळू शकतो.

भारतीय संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे ही जबाबदारी मुख्यतः घराकडे व धर्मसंस्थांकडे येते. तेथे पुस्तक एकट्या मुलाच्या हाती न देता पालकांनी सोबत बसून वाचणे इष्ट ठरते, कारण चित्र पाहताना उद्भवलेल्या प्रश्नास उत्तर देणारे माणूसच असावे लागते.

निष्कर्ष :
उत्तम सचित्र पुस्तक ईश्वराचे रूप ठरवून देत नाही. ते बालकाचे विस्मय जागे ठेवते. खेळातून आलेली श्रद्धा पुढे प्रश्न विचारण्याच्या आड येत नसेल, तरच ते शिक्षण यशस्वी झाले असे म्हणता येईल.