पाण्याविना जहाज

१९९२च्या मे महिन्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून मी पहिलं ड्राय डॉक केलं. गोदीचं दार लागलं, पंपांनी पाणी उपसलं आणि ज्या जहाजावर आम्ही राहत होतो ते ठोकळ्यांवर उघडं पडलं. तळाला शेवाळ, शिंपल्यांचा थर, साबणाच्या वडीसारखे झिजलेले झिंकचे तुकडे. २०१७पर्यंत अशी नऊ ड्राय डॉक झाली. या पंचवीस वर्षांत पुष्कळ बदललं, पण खलाशाचे हाल तेच राहिले.

जहाजाचा सगळा संसार समुद्राच्या पाण्यावर चालतो. जनरेटर आणि एसी त्याच पाण्याने थंड होतात, आगीचा पंप तेच ओढतो. गोदी सुकली की हे सगळं थांबतं. वीज किनाऱ्यावरून येते, तीही मोजकीच. संडासांना कुलूप लागतं, कारण खाली माणसं काम करत असतात. मग रात्री दोनला उठायचं, उंच शिडी उतरायची आणि गोदीच्या कडेने संडास गाठायचा. केबिनमध्ये भट्टीसारखा उकाडा, आणि दार उघडावं तर ग्रिट ब्लास्टिंगची धूळ थेट अंथरुणावर.

नियमाप्रमाणे मालवाहू जहाजाचा तळ पाच वर्षांत दोनदा तपासावा लागतो आणि दोन तपासण्यांत ३६ महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही. गोदीतला प्रत्येक दिवस मालकाला तोट्याचा, म्हणून पंधरवड्यात सगळं उरकायचं असतं. पण व्हॉल्व्ह उघडला की बॉडी खाल्लेली निघते, पत्र्याची जाडी मोजली की तो बदलायला येतो. कामाची यादी रोज वाढते, निघायची तारीख मात्र हलत नाही. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की रंगकाम थांबतं. ते दिवस भरून काढायला बाकीची कामं एकमेकांत घुसवली जातात. एका टाकीत वेल्डिंग, तर शेजारच्या टाकीत रंग. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटायची.

चांगले बदलही मी पाहिले. तळाला लावायच्या विषारी टीबीटी रंगांवर २००८पासून आंतरराष्ट्रीय बंदी आली. बंद टाकीत शिरण्याआधी ऑक्सिजन मोजणं अंगवळणी पडलं. तरी गोदीत उभं असलेलं जहाज सुरक्षित असतं, हा समज खोटा आहे. ५ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस बेतवा गोदीबाहेर काढण्याच्या तयारीत असताना कलंडली आणि दोन नौसैनिकांचा जीव गेला.

गोदीत पुन्हा पाणी सोडतात तेव्हा आम्ही टॉर्च घेऊन एकेक व्हॉल्व्ह गळतो का ते पाहत फिरायचो. जहाज ठोकळ्यांवरून अलगद उचललं जायचं आणि पायाखाली ओळखीचा हेलकावा जाणवायचा. पंधरा दिवसांचा शीण तेवढ्याने उतरायचा. पण त्या क्षणापर्यंत धडधाकट पोहोचणं नशिबावर सोडू नये.

जहाजमालकांना माझं एवढंच सांगणं आहे. जहाज गोदीत असेपर्यंत तो कारखाना असतो आणि कारखान्यात कुणी मुक्काम करत नाही. तेवढे दिवस खलाशांची झोपायची सोय किनाऱ्यावर करा आणि वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवा. पत्रा पुन्हा बदलता येतो, माणूस नाही.