शेताला पाचवी काठी



भूमिती म्हटले की पोरे नाक मुरडतात, आणि त्यांचे वडील म्हणतात, "आम्हाला कुठं कामाला आली ती?" म्हणून आज आपण फळा सोडून रानात जाऊ. आपले रान उमापूरचे धरू, तालुका गेवराई, जिल्हा बीड. इकडे कापूस निघाला की बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पडतात. त्यातल्या सारख्या लांबीच्या चार काड्या घ्या आणि टोकांशी सुतळीने बांधा. झाला चौकोन. आता एक कोपरा हलकेच दाबा. चौकोन कलतो, आणखी दाबला तर पार चपटा होतो. काड्या त्याच, लांबी तीच, आकार मात्र दुसरा. तीन काड्या बांधून पाहा बरे! त्रिकोण काही केल्या हलत नाही. पोरे ज्याला 'बाबाबा कसोटी' म्हणून घोकतात ती हीच. तीन बाजू तीन बाजूंबरोबर असल्या की त्रिकोण एकरूप झालेच. चौकोनाला ही कसोटी चालत नाही, हे मात्र वर्गात फार कमी वेळा हाताने दाखवले जाते.

यात शेतकऱ्याचे काय जाते म्हणाल, तर जमीन जाते. समजा, एका शेताच्या चारही बाजू शंभर-शंभर मीटर आहेत. कोपरे काटकोनी असतील तर क्षेत्र 10,000 चौरस मीटर, म्हणजे 100 आर, पुरते एक हेक्टर. पण तेच शेत कललेले असेल, आणि त्याचे दोन कर्ण 192 आणि 56 मीटर भरले, तर? कर्णांचा गुणाकार करून निम्मे करा. 5,376 चौरस मीटर येतात, म्हणजे 54 आरांनाही थोडे कमीच. बांधावरून चालत गेलात तर दोन्हीकडे पावले सारखीच पडतील! खेड्यात समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची जुनी रीत आहे. तिच्या हिशेबाने दोन्ही शेते एक-एक हेक्टरच. अशा हिशेबावर खरेदीचे पैसे मोजणारा किती बुडेल, हे सांगायला नको.

ही चूक आजची नाही. भास्कराचार्यांनी 1150 साली पूर्ण केलेल्या ग्रंथातल्या 'लीलावती'त तिचा समाचार घेतला आहे. कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्र विचारणाऱ्याला ते चक्क पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे! असे खरमरीत बोलणारा गणिती आपल्या बाजूचाच, बरे का. चाळीसगावजवळच्या पाटण येथे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला, त्याची ती नोंद.

तेव्हा चौकोनात पाचवी काठी घाला, म्हणजे एक कर्ण मोजा. शेताचे दोन त्रिकोण पडतात आणि आकार पक्का होतो. सुतार फाटकाला तिरकी पट्टी ठोकतो ती याचसाठी. गवंडीही पाया आखताना नुसत्या गुण्यावर विसंबत नाही, दोन्ही कर्ण सारखे येतात का ते दोरीने पाहतो.

आता वाटणीचे पाहू. समोरासमोरच्या बाजू समांतर असलेले शेत कर्णावर तोडले, तर दोघा भावांना एकरूप त्रिकोण मिळतात. पण कागदाचे तसे शेत कापून कर्णावर दुमडा. लगतच्या बाजू सारख्या नसतील तर तुकडे जुळणार नाहीत, आणि पोरगा म्हणेल, "गुरुजी, हे सारखे नाहीत!" त्याला दटावू नका. एक तुकडा जागच्या जागी अर्धा फेरा फिरवायला सांगा, बरोबर बसेल. सरकवणे, फिरवणे, उलटवणे या तीन युक्त्यांनी आकृतीचे माप बदलत नाही, एवढे त्याला हातांनी कळले की पुष्कळ झाले. वेड्यावाकड्या शेताला मात्र ही वाटणी लावू नका. तिथे कर्णाच्या दोन अंगांना क्षेत्र सारखे येईलच असे नाही.

राहिला नकाशा. नकाशातले शेत खऱ्या शेताशी समरूप असते. कोन तेच, बाजू एकाच प्रमाणात लहान. 2018 साली आलेल्या दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात पहिलेच प्रकरण समरूपतेचे आहे. एक सेंटिमीटरला 50 मीटर असे प्रमाण असेल, तर नकाशावरच्या एका चौरस सेंटिमीटरला किती? पोरे झटकन 50 म्हणतात. पण लांबी 50 मीटर आणि रुंदीही 50 मीटर, म्हणजे 2,500 चौरस मीटर, 25 आर. तीन सेंटिमीटर लांब, दोन रुंद असा काटकोनी तुकडा दीड हेक्टर भरतो.

शाळेत एखादा नकाशा मिळाला, तर पोरांना ओळखीचे एक शेत त्यावर शोधायला लावा, कर्ण पट्टीने मोजायला लावा, आणि मग दोरी घेऊन त्याच शेतात न्या. उन्हे उतरल्यावर जावे, आणि पीक उभे असेल तर मालकाला आधी विचारावे.