निश्चयाचे वय

नोकरीत असताना दर जानेवारीत रिकरिंगची खाती उघडायला गर्दी व्हायची. मार्चपासून हप्ते चुकू लागत. जी खाती मुदतीपर्यंत टिकत, त्यांच्यामागे बहुधा काहीतरी ठरलेले असे: मुलीचे लग्न, नाहीतर विहिरीवरचा पंप. नुसती ‘बचतीची सवय लागावी’ म्हणून उघडलेले खाते क्वचितच पूर्ण होई.

पुसदला पहाटे वाशीम रोडवर फिरणाऱ्यांचेही तेच. जानेवारीत रांग, होळीपर्यंत निम्मे गळतात.

दुसऱ्यांना कशाला हसू? मी पस्तीस वर्षे खर्रा खाल्ला. तिशीत बायकोच्या शपथेखातर सोडला. दोन महिने टिकलो. पंचेचाळिशीत डॉक्टरांच्या धाकाने सोडला, तो बदलीच्या गावी पुन्हा धरला. धाक जुना झाला की त्याचा धाक वाटत नाही. निवृत्तीनंतर तर विचारणारेही कोणी उरले नाही.

शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांचे गुरुजी राहतात. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षरे दिसेनाशी झाली, तेव्हा मी रोज सकाळी पेपर वाचून दाखवू लागलो. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “आधी ते थुंकून ये. मला अग्रलेख ऐकायचा आहे, तुझा खर्रा नाही.”

आधी तासभर तोंड रिकामे राहिले, मग सकाळ, मग दिवस. शपथ वगैरे घेतलीच नाही.

महर्षी कर्व्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय आपण त्यांच्या साध्या राहणीला देतो. तारखा पाहिल्या की मला वेगळे वाटते. १९१४ साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, महिला विद्यापीठ काढले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ स्थापले. शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले, १९६२ साली ते गेले. अशा माणसाला पथ्य पाळायला वेगळा निग्रह लागत नसावा. उद्याच्या कामासाठी शरीर हवेच असे.

गुरुजींचे ऑपरेशन साखर आटोक्यात येत नसल्याने लांबत होते. बासुंदी दिसली की ते कुणाचे ऐकत नसत. गेल्या वर्षी अचानक त्यांनी गोड बंद केले. कारण विचारले, तर म्हणाले, “तू छोट्या जाहिराती गाळतोस. मला त्या स्वतः वाचायच्या आहेत.”

आता साखर आटोक्यात आहे; दिवाळीनंतर ऑपरेशन ठरले आहे. त्यांना दिसू लागले की माझी सकाळ मोकळी. पानठेला आमच्या गल्लीच्या वळणावरच आहे. परवा गुरुजींना तसे बोलूनही दाखवले. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, “आज रविवार आहे ना? पुरवणी आण.”