तोफगोळ्याचा प्रतिध्वनी आणि त्याचा हिशेब

देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला तोफेचा आवाज नवा नाही. बहुला किल्ल्याच्या बाजूच्या मैदानावर तोफखान्याचा सराव सुरू झाला, की खिडक्यांची तावदाने थरथरतात; आणि घरातले लहान मूलसुद्धा न दचकता सांगते, की आज फायरिंग आहे. हा आवाज ऐकताना एक साधा प्रश्न मनात यावा. तोफ दिसत नाही, ती डोंगराआड आहे. मग ती नेमकी कोठे आहे, हे ओळखायचे कसे? आपल्याला ही जिज्ञासा वाटेल. परंतु ज्याच्यावर गोळे पडत आहेत त्या सैनिकाचा जीव या उत्तरावर अवलंबून असतो. १९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या सैन्याची फार मोठी हानी शत्रूच्या तोफांच्या व उखळी तोफांच्या माऱ्याने झाली, आणि त्या तोफांचा ठाव सांगणाऱ्या रडारची उणीव त्या वेळी तीव्रतेने जाणवली.

पहिल्या महायुद्धात हे काम आवाजावरून करीत. लॉरेन्स ब्रॅग या शास्त्रज्ञाने त्यात मोठी कामगिरी केली. अंतराअंतरावर ध्वनिग्राहक मांडायचे, कोणत्या ग्राहकाशी आवाज किती उशिरा पोचला ते मोजायचे आणि त्यावरून तोफेची जागा काढायची. पद्धत उत्तम, पण आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. दहा किलोमीटरवरून तो येईपर्यंत अर्धे मिनिट जाते. शिवाय वारा त्याला इकडेतिकडे वळवतो.

रडार निराळ्या वाटेने जाते. तोफ डोंगराआड लपते, पण तिच्या गोळ्याला डोंगरावरून वर यावेच लागते. तो वर येताच रडारने त्याला पाहायचे, त्याच्या मार्गावरील काही बिंदू टिपायचे आणि तो मार्ग मागे वाढवीत नेऊन जमिनीला कोठे टेकतो ते काढायचे. जेथे टेकतो तेथे तोफ! रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. वीस किलोमीटरवरच्या गोळ्याला भेटून ती परत येते ती सेकंदाच्या सात-साडेसात हजाराव्या भागात. तेव्हा वेळेची अडचण नाही. अडचण आहे ती प्रतिध्वनीच्या बळाची. परत येते ते किती? चला, आपण हिशेबच मांडू.

हिशेबासाठी एक रडार कल्पू. त्याच्या स्पंदाची शक्ती ४० किलोवॉट, म्हणजे ४०,००० वॉट, आणि लहरीची लांबी ५ सेंटिमीटर. गोळा आहे २० किलोमीटरवर.

पहिली पायरी जाण्याची. ही शक्ती सर्व दिशांना सारखी पसरली, तर २० किलोमीटर त्रिज्येच्या प्रचंड गोलावर ती वाटली जाईल. त्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे ५०३ कोटी चौरस मीटर. अर्थात रडार शक्ती अशी उधळीत नाही. विजेरीतल्या दिव्यामागची चकचकीत वाटी जसा उजेड एका दिशेला लोटते, तसे रडारचा अँटेना करतो. आपल्या अँटेनाने एका दिशेला दहा हजारपट जोर दिला असे धरू. म्हणजे त्या दिशेला जणू ४० कोटी वॉटचा दिवा आहे. चाळीस कोटींना ५०३ कोटींनी भागले, की गोळ्यापाशी दर चौरस मीटरला ०.०८ वॉट शक्ती पोचते.

दुसरी पायरी गोळ्याची. यातली किती शक्ती तो माघारी फेकतो? हे ज्या संख्येने मोजतात तिला आपण परावर्तन-क्षेत्र म्हणू. येथे एक गैरसमज टाळावा. हे क्षेत्र म्हणजे वस्तूचा नुसता आकार नव्हे. लहरीच्या मानाने मोठ्या असलेल्या धातूच्या गुळगुळीत चेंडूचे परावर्तन-क्षेत्र त्याच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाएवढे असते. पण एक चौरस मीटरचा सपाट पत्रा रडारसमोर अगदी काटकोनात धरला, तर आपल्या ५ सेंटिमीटरच्या लहरीला तो सुमारे ५,००० चौरस मीटरएवढा भासतो. तोच पत्रा थोडा कलता केला, की लहर भलतीकडे जाते आणि परत जवळजवळ काही येत नाही. उन्हात आरसा धरून कवडसा पाडणाऱ्या मुलांना हे न शिकवता ठाऊक असते. तोफेचा गोळा निमुळता व गोलसर. त्याचे क्षेत्र आपण ०.०१ चौरस मीटर धरू. म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा एक चौरस. मग गोळा परत फेकतो ती शक्ती ०.०००८ वॉट.

तिसरी पायरी येण्याची. या चिमूटभर शक्तीला पुन्हा तोच प्रवास. ती परत त्याच ५०३ कोटी चौरस मीटरांवर पसरते. त्यातले रडारच्या वाट्याला येते ते फक्त अँटेनाच्या क्षेत्रावर पडेल तेवढे. ५ सेंटिमीटरच्या लहरीला दहा हजारपट जोर देणाऱ्या अँटेनाचे उपयुक्त क्षेत्र सुमारे दोन चौरस मीटर असते. भागाकार-गुणाकार केला, की उत्तर येते: एका वॉटचे तीन लाख कोटी समान भाग करावेत, आणि त्यातला एक भाग उचलावा. निघाले होते चाळीस हजार वॉट. परत आले ते एवढे!

या हिशेबाचे मर्म असे, की अंतराने दोनदा भागावे लागते. जाताना शक्ती अंतराच्या वर्गाने कमी होते, येताना पुन्हा वर्गाने. दोन्ही मिळून चतुर्थ घात. अंतर दुप्पट केले, तर प्रतिध्वनी निम्मा किंवा पाव होत नाही. तो सोळावा हिस्सा उरतो. तिप्पट केले तर एक्याऐंशीवा. उलट बाजूने पाहिले, तर रडारची नजर दुप्पट दूर न्यायला सोळापट शक्ती हवी.

पण कमी म्हणजे किती कमी झाले, की ऐकू येईनासे होते? याची मर्यादा खुद्द निसर्गाने घातली आहे. कोणत्याही तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत चुळबुळ करीत असतात. रेडिओवर केंद्र लागले नसताना जी खरखर येते तिच्यात यांचाही वाटा असतो. आपल्या रडारचा ग्राहक दहा लाख आवर्तनांचा पट्टा ऐकत आहे आणि त्यात स्वतःचीही थोडी खरखर मिसळतो असे धरले, तर एकूण खरखर आपल्या वीस किलोमीटरवरच्या प्रतिध्वनीच्या सुमारे विसाव्या हिश्श्याएवढी भरते. म्हणजे तेथे गोळा स्पष्ट ओळखता येईल. आता तोच गोळा चाळीस किलोमीटरवर नेऊ. प्रतिध्वनी सोळावा हिस्सा झाला, आणि तो खरखरीच्या जवळजवळ बरोबरीला आला. एका स्पंदावरून तेथे गोळा आहे की नुसती खरखर, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मग उपाय काय? सोळापट शक्ती वाढवण्यापेक्षा एक शहाणपणाची युक्ती आहे. गोदाघाटावरच्या गर्दीत कोणी आपले नाव एकदा हाकारले तर ते हरवते. पुन्हा पुन्हा हाकारले तर कान ते पकडतो. तसेच रडार एकाच दिशेला अनेक स्पंद पाठवते आणि सर्व प्रतिध्वनींची नीट ताळमेळाने बेरीज करते. खरखर दर वेळी वेगळी, म्हणून ती बेरजेत तितकी वाढत नाही. प्रतिध्वनी मात्र दर वेळी तोच. असे सोळा स्पंद जुळवले, की चाळीस किलोमीटरवरची गेलेली बाजू सावरते. मात्र याची किंमत वेळेत मोजावी लागते. रडारला सारे क्षितिज राखायचे असते, आणि गोळा आकाशात काही क्षणांचाच पाहुणा असतो.

आता या हिशेबाने एक खरे यंत्र पाहू. बंगळूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ‘स्वाती’ हे रडार २०१७ साली लष्कराच्या स्वाधीन झाले. १०५ मिलिमीटर व त्याहून मोठ्या तोफेचा गोळा ते ३० किलोमीटरपर्यंत ओळखते, आणि ८१ मिलिमीटर व त्याहून मोठ्या उखळी तोफेचा २० किलोमीटरपर्यंत. या दोन आकड्यांत एवढाच फरक का? तीन आणि दोन यांचे चतुर्थ घात ८१ आणि १६. बाकी सर्व सारखे धरले, तर उखळी तोफेच्या गोळ्याचे परावर्तन-क्षेत्र मोठ्या गोळ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे असले, तरी पल्ला तीसावरून वीसवरच येतो. जो चतुर्थ घात दूर पाहू इच्छिणाऱ्याला छळतो, तोच लपू पाहणाऱ्यालाही छळतो. एखाद्या विमानाने आपले परावर्तन-क्षेत्र दहा हजारावा हिस्सा केले, तरी त्याला पाहण्याचे अंतर दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी होत नाही.

म्हणून पुन्हा कधी बहुल्याच्या बाजूने तोफ वाजली आणि तावदान थरथरले, तर एवढे ध्यानात असू द्यावे, की तो दणका आपल्या कानाशी पोचण्याच्या कितीतरी आधी गोळ्यावरून निघालेला तीन लाख कोटींतला एक भाग रडारपाशी परत आलेला असू शकतो. तो खरखरीतून निवडून काढता आला, तर खंदकातल्या माणसाला पुढचा गोळा पडण्यापूर्वी उत्तर देता येते. तो निसटला, तर नाही. या हिशेबाची खरी किंमत तेथे आहे.