फाइल आहे, तरी ‘फाइल नाही’: प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल काय करतं

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, ‘‘सर, तुम्ही जन्मभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं, हे कर्नल मध्येच कुठून आलं?’’ ते एका पोराच्या तक्रारीतून आलं. तिथूनच सुरुवात करतो.

आपल्या नाकाडोंगरीचाच एक विद्यार्थी. घरी जुना ३२ बिटचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स. त्यानं सी भाषेत हिशेबाचा एक प्रोग्रॅम लिहिला, घरीच कंपाइल केला, आणि तयार झालेली फाइल तेवढी घेऊन कॉलेजात गेला. तिथलं मशीन ६४ बिटचं. फाइल मशीनवर उतरवली, नाव टाइप केलं, एंटर दाबलं. उत्तर आलं: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. अशी फाइलच नाही! परीक्षकांनी तेवढं वाचलं आणि गुण कापले. पोरगा मला म्हणाला, ‘‘सर, यादीत फाइल दिसते, नाव तेच आहे. मग यंत्र खोटं बोलतं का?’’

यंत्र खोटं बोलत नव्हतं. ‘नाही’ हे विधान खरंच होतं, फक्त ते दुसऱ्याच फाइलबद्दल होतं. ती दुसरी फाइल कोणती, हे कळायला एंटर दाबल्यावर आत काय घडतं ते पाहावं लागतं.

कर्नल म्हणजे लष्करातला कर्नल नव्हे, बरं का. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कोणाला किती, डिस्क कोण वाचणार, प्रोसेसर कोणाला किती वेळ, हे सगळं तो ठरवतो. असा गाभा नेहमीच होता असं नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक नावाचा संगणक १९६० साली सुरू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. त्याची मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात दहा हजार बाइटांच्या आसपास. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून यायचा, पट्टी यंत्रात सरकायची आणि भोकांचे आकडे मेमरीत जाऊन बसायचे. तिथं ‘लोड करणं’ या शब्दाचा अर्थ शब्दशः होता: सामान आत चढवणं. आज नुसतं ‘नमस्कार’ छापणारा सी प्रोग्रॅम सहज पंधरा-सोळा हजार बाइटांचा होतो. तो टिफ्रॅकमध्ये मावलाच नसता.

आता आपल्या लिनक्सकडे येऊ. तुम्ही नाव टाइप करता ते शेल नावाच्या प्रोग्रॅमला. शेल आधी स्वतःची एक प्रत काढतं, याला फोर्क म्हणतात. मग ती प्रत कर्नलला विनंती करते: या नावाची फाइल घे आणि माझ्या जागी ती चालव. या विनंतीचं नाव एक्झेक-व्हीई.

कर्नल फाइल शोधतं, ती चालवायची परवानगी आहे का ते तपासतं. इथं एक गंमत सांगतो. फाइलचं नाव ‘बेरीज’ असं देवनागरीत ठेवलं तरी कर्नलचं काही अडत नाही. त्याच्या लेखी नाव म्हणजे बाइटांची रांग. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. ‘बेरीज’चे पंधरा बाइट होतात, कारण युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना-वेलांटी वेगळी मोजली जाते.

मग कर्नल फाइलचे सुरुवातीचे २५६ बाइट वाचतं. पूर्वी १२८ वाचायचं. एवढ्यावरून फाइलची जात ओळखायची. नावाच्या शेपटावर त्याचा विश्वास नाही. पहिले चार बाइट १२७, ६९, ७६, ७० असे असले, तर ती एल्फ जातीची, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेतली फाइल. शेवटचे तीन आकडे म्हणजे ई, एल, एफ ही अक्षरंच आहेत. पहिली दोन चिन्हं #! असली, तर ती स्क्रिप्ट. त्याच ओळीत पुढं लिहिलेला दुभाषी प्रोग्रॅम चालवायचा आणि स्क्रिप्ट त्याच्या हाती द्यायची. विंडोजची फाइल एम-झेड या अक्षरांनी सुरू होते; मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची ती आद्याक्षरं. लिनक्सकडे तिला ओळखणारं कोणी नेमलेलं नसेल, तर कर्नल ती परत करतं.

आपल्या पोराची फाइल एल्फ होती. ओळख पटली. पुढं तिच्यात एक तक्ता असतो: फाइलचा अमुक भाग मेमरीत अमुक पत्त्यावर, तो वाचायचा आणि चालवायचा पण बदलायचा नाही, तमुक भाग तमुक पत्त्यावर, तो बदलता येईल पण आज्ञा म्हणून चालवता येणार नाही. बाहेरून आलेली माहिती कोणी फसवून आज्ञा म्हणून चालवू नये, म्हणून ही विभागणी.

तुम्ही म्हणाल, आता फाइल मेमरीत चढली. नाही! इथंच ‘लोड’ हा शब्द आपल्याला फसवतो. डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खाण तुम्हाला नवी नाही. लीजचा नकाशा मंजूर झाला म्हणजे हद्द ठरली, हक्क ठरला. मॅंगनीज अजून जमिनीतच असतं. कर्नलही एवढंच करतं. मेमरीच्या नकाशावर हद्दी आखतं आणि नोंद ठेवतं की या पत्त्यांचा माल त्या फाइलमध्ये आहे. प्रोसेसर एखाद्या पत्त्यावर पोचतो, तिथं काही नसतं, तो अडतो. याला पेज फॉल्ट म्हणतात. नावात फॉल्ट असला तरी यात चूक कोणाचीच नाही. कर्नल धावतं, साधारणतः ४०९६ बाइटांचं ते पान आणून ठेवतं, आणि प्रोसेसर जणू काही झालंच नाही असा पुढं चालू लागतो. ज्या पानाची गरज पडली नाही, ते बहुधा येतही नाही. एकच प्रोग्रॅम दोघांनी चालवला तर आज्ञांची पानं दोघांत मिळून एकदाच ठेवली जातात.

मला मात्र सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते एका क्षणानं. नकाशा नवा आखायचा तर जुना पुसावा लागतो. विनंती करणारी ती शेलची प्रत, तिची सगळी मेमरी कर्नल टाकून देतं. यानंतर काही बिघडलं तर चूक झाली हे सांगायचं कोणाला? विचारणारा उरलेलाच नसतो. म्हणून कर्नल अशा वेळी ती प्रोसेस मारून टाकतं. आणि सगळं नीट झालं तरी एक्झेक-व्हीई परत येत नाही. मात्र प्रोसेसचा क्रमांक तोच राहतो, ती ज्या फोल्डरमध्ये होती तो तोच, उघड्या फाइलीही बहुतेक तशाच. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? माझे विद्यार्थी यावर तास-तास भांडत. कर्नलनं वाद घातला नाही. क्रमांक तो म्हणजे प्रोसेस ती, एवढं ठरवून टाकलं.

आता त्या दुसऱ्या फाइलकडे. बहुतेक प्रोग्रॅम एकटे चालत नाहीत. छपाई, आकडेमोड यांसाठी सामायिक लायब्ऱ्या लागतात. त्या शोधून जोडणं हे काम कर्नल करत नाही. एल्फ फाइलमध्येच एका जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. कर्नल त्यालाही नकाशात बसवतं आणि आधी त्यालाच सुरू करतं. तो लायब्ऱ्या जोडतो, आणि मग खरा प्रोग्रॅम सुरू होतो.

पोराच्या फाइलमध्ये ३२ बिटच्या जोडणाऱ्याचा पत्ता होता. कॉलेजच्या मशीनवर तो बसवलेलाच नव्हता. कर्नलनं तो शोधला, सापडला नाही, आणि प्रामाणिकपणे ‘फाइल नाही’ असं कळवलं. कोणती नाही, हे सांगायची सोय त्या उत्तरात नाही. ते उत्तर म्हणजे नुसता एक आकडा असतो. शेलनं त्या आकड्याशेजारी पोराच्या फाइलचं नाव चिकटवलं. घोटाळा तिथं झाला. सुदैवानं हा घोटाळा जुन्या नकाशाचं पाणी सोडण्याआधीच लक्षात येतो, म्हणून निरोप द्यायला शेलची प्रत तरी शिल्लक होती. बॅश या शेलच्या नव्या आवृत्तीत ‘आवश्यक फाइल सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, तो बराच बरा.

‘फाइल’ नावाचीच एक आज्ञा लिनक्सवर असते. ती त्या पोराच्या प्रोग्रॅमवर चालवली, तेव्हा तिनं एका ओळीत सांगितलं: एल्फ, ३२ बिट, जोडणारा अमुक. त्यानं मूळ सी फाइल नेऊन कॉलेजच्या मशीनवर पुन्हा कंपाइल केली, अर्धा मिनिटही लागलं नाही, आणि हिशेब बरोबर आला. गुण मात्र वाढवून मिळाले नाहीत. यादी तोवर पुढं गेली होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.