बॅकअपची उगवण

मृग जवळ आला की भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या गावात सोयाबीनवाले घरचं बियाणं तपासतात. ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवडाभर पाणी शिंपडायचं आणि कोंब मोजायचे. 70 च्या वर आले तर नेहमीच्या मापानं पेरायचं, कमी आले तर माप वाढवायचं. पोतं भरलंय एवढ्यावर कुणी पेरणीला निघत नाही.

संगणकाच्या बाबतीत मात्र भरलेल्या पोत्यावरच आपण खूश. स्टुडिओतले लग्नाचे फोटो असोत की कृषी केंद्रातली उधारीची खतावणी, ‘बॅकअप हाय ना?’ विचारलं की ‘हाय की, हार्डडिस्कवर.’ ती उघडली कधी, यावर सगळे गप्प.

गप्प बसणाऱ्यांत मोठमोठे आहेत. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत चुकून चालू सर्व्हरवरचाच डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या. ऐनवेळी एकही धड कामाला आली नाही. एका कर्मचाऱ्यानं सहा तास आधी सहज घेतलेली प्रत होती, तिनं तारलं.

त्याच वर्षी 27 जूनला ‘नॉटपेट्या’ व्हायरसनं मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि आपल्या न्हावा शेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनलही अडकलं. कंपनीच्या सगळ्या यंत्रणेची किल्ली ज्या सर्व्हरांकडं, त्यांच्या जगभर दीडशेच्या आसपास प्रती होत्या. पण त्या सतत एकमेकींशी जोडलेल्या, म्हणून सगळ्या एकदमच पुसल्या. वाचली फक्त घानातली, कारण तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगचं एवढं कौतुक मी आजवर ऐकलं नव्हतं.

म्हणून कायम संगणकाला लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा नियम छायाचित्रकारांतच रुळला. स्टुडिओवाल्यानं एक डिस्क दुकानात ठेवावी, दुसरी घरी कपाटात. कॉपी झाली की वायर काढावी.

आणि गोणपाट? येत्या रविवारी घरची डिस्क दुसऱ्याच कुणाच्या संगणकाला लावा. यंदाचं नको, पाच-सहा वर्षांपूर्वीचं एखादं लग्न काढा आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक फोटो उघडून बघा.